बुधूचा अंगठा

(मुरबाड कोर्टाचा व्हरांडा, २००१. नवसू, त्याची बायको यमू आणि सरकारने दिलेले वकील.)

वकील : आत गेल्यावर मला तोंडघशी पाडू नकोस, नवसू. काय असेल ते इथेच सांग. हजेरीवरचा तो अंगठा तुझाच ना?

नवसू : हा सायेब.

यमू : नाय सायेब. बुधूचा हाय. ह्यांच्या भावाचा.

वकील : भावाचा? म्हणूनच हजेरी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी कोर्टाला कळवलं. अरे, तू स्वतः का नाही आलास?

नवसू : भात कापताना पायावर इळा बसला. पाच टाके. टोकावड्यापतुर चालवंना, तर एस्टी कशी गाठणार?

वकील : डॉक्टरची चिठ्ठी पाठवायचीस. पुढची तारीख मिळाली असती.

नवसू : पावसात एक हजेरी चुकली तवा जजसायेब काय बोलले? आता दंडावर सोडतो, परत चुकलास तर सहा महिने आत. तवापासून झोप नाय मला. म्हणून बुधूला धाडला. हजेरी चुकाया नको.

यमू : रोजगार हमीवर नाव ह्यांचं असतं. ह्यांना बरं नसलं तर बुधू जातो, नायतर मी जाते. मुकादम काय बोलत नाय.

वकील : इथे तसं चालत नाही, बाई. सागाचे चार वासे तोडले, गुन्हा कबूल केला, म्हणून तुरुंगात न धाडता, नीट वागेन आणि हजेरी देत राहीन अशा दोन वर्षांच्या हमीवर सोडलं. ती हमी याची एकट्याची.

नवसू : मग माझाच अंगठा म्हणून सांगतो.

वकील : दोन्ही ठसे शेजारी ठेवले की संपलं. मग खोटं बोलल्याचं वेगळंच.

नवसू : आन् बुधूचं नाव घेतलं तर? त्याला धरतील?

वकील : धरूही शकतात.

नवसू : तो येत नव्हता, सायेब. दादा, मला भ्या वाटतंय म्हणत होता. मीच दम भरला.

वकील : मग तेच सांग. मी दम भरला, मी पाठवलं, चूक माझी. पाय दाखव.

यमू : मग सोडतील?

वकील : ते जजसाहेबांच्या हातात. ताकीद एकदा देऊन झालीय. सहा महिने लागूही शकतात.

यमू : तीन महिने मी बसले तर? तीन ह्ये.

वकील : नाही हो, बाई.

यमू : ठावं हाय मला. तरी इचारलं.

नवसू : मी खरं सांगन. तू नको घाबरू गो. मला काय नाय होत.

वकील : चला, पुकारा झाला. बाई, तुम्ही इथेच थांबा.

यमू : जा अवो. हात सोडा माझा.