भुऱ्या गुरगुरायचा

आप्पासाहेब : लांबनं काय बघताय म्याडम? या की जवळ. मी धरलाय त्येला.

तनुजा : धरलाय म्हणूनच लांब उभी आहे. पट्टा सैल सोडा आधी. पार्किंगच्या खांबाला बांधलाय तो, कुठे जात नाही.

आप्पासाहेब : हा, सोडला. बघा, जांभई देतोय. दुपारची झोपायची येळ हाय त्येची.

तनुजा : झोप नाही आलेली त्याला. घाबरली की कुत्री अशी जांभई देतात.

आप्पासाहेब : भुऱ्या घाबरतोय? म्याडम, सात वर्सं ऊस राखलाय ह्यानं माझा. मोटारीची केबल चोरायला आलेली चार माणसं कॅनॉलपतोर पळवलीत.

तनुजा : चोरांना नसेल घाबरत. एक करा. उजवा हात वर करा. टोपी नीट करताना करता ना, तसा.

आप्पासाहेब : केला.

तनुजा : त्याने काय केलं?

आप्पासाहेब : डोळं मिटलं. मान खाली घातली. सवय हाय त्येची ती.

तनुजा : कशाची सवय?

इंद्रजीत : सांगा की आप्पा. त्या कोथरूडवरून आल्यात, अख्खं पुणं ओलांडून. ट्रॅफिक बघायला नाही आल्या.

तनुजा : तुम्ही यांचे चिरंजीव, इंद्रजीत ना? फोन तुम्हीच केला होता.

इंद्रजीत : हो. संस्कृती माझी मुलगी, चार वर्षांची. गालाला सात टाके पडलेत. ती आणि तिची आई कसब्यात माहेरी आहेत. नम्रता एकच वाक्य बोलली, कुत्रा तरी राहील नाहीतर मी तरी. मला तिचं काही चुकलंय असं वाटत नाही.

आप्पासाहेब : पोरीला लागलं, मला काय आनंद झालाय का? पर म्याडम, तुम्ही शिकवता कुत्र्यांना. शिकवा ह्येला. सांगाल ते करतो. चांगलं कुत्रं हाय, घात झाला तेवढा. काय न सांगता-बोलता एकदम चावला.

तनुजा : गुरगुरला नाही आधी?

आप्पासाहेब : गुरगुरत न्हाई तो. सोडवलंय मी.

तनुजा : कसं सोडवलंत?

आप्पासाहेब : त्येचं असं झालं. आमचा मळा बिल्डरला दिला, त्याच रानात ही इमारत झाली. आम्हाला हा खालचा फ्लॅट मिळाला, भुऱ्या संगं आला. आता त्येला काय ठावं की रान आपलं राह्यलं न्हाई? लिफ्टपाशी माणूस दिसला की गुरगुरायचा. सोसायटीच्या ग्रुपवर रोज तक्रार. रोज ह्या इंद्रजीतला मेसेज. मग मी वेताची छडी केली. गुरगुरला की तोंडावर एक. महिन्यात आवाज बंद झाला. सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणला, आप्पासाहेब, कुत्रा असावा तर असा.

तनुजा : अरे देवा.

आप्पासाहेब : का हो?

तनुजा : आप्पासाहेब, गुरगुरून तो सांगत होता की मला हे सोसवत नाही, जरा लांब व्हा. सांगितलं की मार बसायचा. मग त्याने सांगायचं सोडलं. सोसवत नव्हतं, ते तसंच राहिलं आत.

आप्पासाहेब : आन् मला वाटलं, सुधारला.

तनुजा : संस्कृती काय करत होती त्या वेळी?

इंद्रजीत : शेजारी बसली होती. नवीन क्लिपा आणल्या होत्या तिला. त्याच्या कानाला लावत होती. आप्पा समोरच पेपर वाचत होते.

आप्पासाहेब : गप बसला होता वो तो! दगडासारखा. मला वाटलं, खेळ आवडलाय त्येला.

तनुजा : अंग ताठ, तोंड बंद, कडेने पांढरा डोळा दिसत असेल. तेवढंच उरलं होतं त्याच्याकडे सांगायला. त्याचा डावा कान डॉक्टरांना दाखवलात?

इंद्रजीत : काल डॉक्टरांना घरी बोलावून दाखवला, फोनवर तुम्ही म्हणालात म्हणून. आतून सडलाय म्हणाले. महिना-दोन महिने तरी दुखत असणार.

आप्पासाहेब : म्हंजे कान ठणकत होता आन् बोलायची चोरी. पोरीच्या गालावरचा वण माझा हाय म्हणा की.

तनुजा : असं नाही म्हणत मी.

आप्पासाहेब : मी म्हणतोय.

इंद्रजीत : भुऱ्याचं एकट्याचं नाही हो. या घरात कुणीच गुरगुरत नाही. मीही नाही. मळा विकायचा नव्हता मला, रोपवाटिका करायची होती. कागदावर सही करताना यांनी वर पाहिलं, मी खाली पाहिलं. झाली सही.

आप्पासाहेब : कधी बोलला न्हाईस मला.

इंद्रजीत : नाही बोललो.

आप्पासाहेब : म्याडम, किती दिवसांत सुधरंल?

तनुजा : तुम्हाला खोटं सांगणार नाही. कान बरा होईल. माराची भीतीही हळूहळू जाईल, वर्ष लागेल. पण चार वर्षांच्या मुलीच्या घरात मी त्याची हमी देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही.

आप्पासाहेब : मग? इंजेक्शन देऊन...

तनुजा : नाही, ते कशाला? सासवडजवळ बद्रीनाथ म्हणून एक आहेत. वायरमन होते, आता रिटायर झालेत. अंजिराची बाग आहे, एकटेच राहतात. अशी तीन कुत्री सांभाळलीत त्यांनी. मी बोलते त्यांच्याशी. दहा दिवस द्या.

इंद्रजीत : नेणार कसा? हा गाडीत बसत नाही. बांधकामाच्या वेळी मळ्यातून भाड्याच्या घरी नेताना चौघांनी धरून टेम्पोत टाकला होता.

आप्पासाहेब : तसं न्हाई न्यायचं आता. आधीच लई झालंय त्येच्यावर.

तनुजा : मग तुम्हीच शिकवा. स्वतःहून पिंजऱ्यात जायला.

आप्पासाहेब : मी? मला छडीशिवाय काय येतंय?

तनुजा : कलेजी येते ना उकडता? उकडायची, बारीक तुकडे करायचे. न्यायचा पिंजरा मी पाठवते, तो इथे उघडा ठेवायचा. तो नुसता त्याच्याकडे बघेल, तुकडा टाका. एक पाऊल टाकेल, तुकडा. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. गेला नाही तर नाही गेला, आपण बसून राहायचं. आत जायला लागला की एक शब्द ठरवा, तोच म्हणायचा. शेवटी दार. दार लावायचं, लगेच तुकडा द्यायचा, दार उघडायचं. आणि रोज सकाळी त्याच्या कानात औषध.

आप्पासाहेब : म्हंजे मला सोडून जायचं, ते मीच शिकवायचं.

तनुजा : हो. तुमच्याकडून शिकला तर कमी घाबरेल. तुमचाच आहे तो.

(दहा दिवसांनी. तेच पार्किंग. बाहेर गाडी उभी आहे.)

तनुजा : काय सांगता! आत बसून झोपलासुद्धा?

आप्पासाहेब : कालची गोष्ट. अर्धा तास घोरत होता. पहिलं दोन दिवस पिंजऱ्याकडं बघंना. मीबी बघंना. दोघं आपलं भिंतीकडं तोंड करून बसलेलो. तिसऱ्या दिवशी एक पाय आत टाकला त्यानं. काय सांगू म्याडम, सूनबाई पहिल्यांदा घरात आली तवाबी मला इतकं बरं वाटलं न्हवतं.

इंद्रजीत : नम्रताला सांगू नका हे. किलोभर कलेजी संपवली दोघांनी. हे जमिनीवर मांडी घालून बसतात त्याच्यापुढे. मी एवढ्या वर्षांत यांना कुणाची इतकी वाट बघताना पाहिलं नाही.

तनुजा : शब्द कुठला ठेवलात?

आप्पासाहेब : "चल मळ्यात." दिस कलला की हेच म्हणायचो मी त्येला, आन् तो म्होरं पळायचा. दुसरं काय सुचलं न्हाई. फसवल्यासारखं वाटतंय, पर काय करू?

तनुजा : बागेतच चाललाय तो.

आप्पासाहेब : म्याडम, परवा एक झालं. कानात औषध घालत होतो. माझा हात जरा जोरात लागला. तर गुरगुरला.

तनुजा : खरंच? मग तुम्ही काय केलंत?

आप्पासाहेब : हात काढला. म्हणलं, बरं बाबा, ऱ्हाऊ दे. थोड्या येळानं त्यानंच कान म्होरं केला. आता बोलायला लागलाय तो. मला कळायला लागलंय. मग ऱ्हाऊ दे ना त्येला? पोरगी माझ्या नजरंसमोर ठेवीन. क्लिपा मीच लावून घेतो डोक्याला.

तनुजा : आप्पासाहेब, तुम्ही दहा दिवसांत केलंत ते लोकांना सहा महिन्यांत जमत नाही. पण तो तुमच्यापुढे बोलला. तिच्यापुढे बोलेलच असं नाही, आणि ती चार वर्षांची आहे. तिला ते ऐकू येईलच असंही नाही.

आप्पासाहेब : इंद्रजीत?

इंद्रजीत : माझ्याकडे असं बघू नका.

आप्पासाहेब : नुसतं इचारतोय.

इंद्रजीत : मग ऐका. नाही. नाही राहायचं त्याने. रविवारी माझी मुलगी घरी येतेय. ती अजून झोपेत गालावर हात ठेवते. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटतंय. त्याला पावसात गोठ्याच्या वळचणीखालून मीच उचलून आणला होता, विसरलात का? पण नाही.

आप्पासाहेब : बरं.

इंद्रजीत : चिडलात?

आप्पासाहेब : न्हाई रे. पहिल्यांदा तोंडावर न्हाई म्हणलास. बरं केलंस. म्हणत जा.

तनुजा : बद्रीनाथकाका म्हणालेत, फोन कधीही करा. फक्त पहिला महिना भेटायला येऊ नका. तुम्ही दिसलात आणि परत निघालात, तर त्याला दोनदा सोडून गेल्यासारखं होईल.

आप्पासाहेब : महिना. बरं. त्यांना सांगा, डाव्या कानाला आधी हात दाखवायचा, मग लावायचा. आन् पाऊस वाजला की तो माणसाच्या पायावर येऊन बसतो. हाकलू नका म्हणावं.

तनुजा : लिहून घेतलं.

आप्पासाहेब : पिंजरा गाडीपाशी ठेव इंद्रजीत. थोडा तिरका. असा. तुम्ही दोघं मागं सरा.

इंद्रजीत : तुम्हाला जमेल ना?

आप्पासाहेब : न जमायला काय झालं? भुऱ्या. चल मळ्यात.

इंद्रजीत : गेला.

तनुजा : शेपूट हलवत गेला, आप्पासाहेब. बघितलंत?

आप्पासाहेब : बघितलं. एकदा तरी अडून बसायला पायजे होता. दहा दिवस शिकवत होतो, आन् मनात म्हणायचो, त्या दिवशी तेवढं नको ऐकूस माझं.

तनुजा : दार मी लावू का?

आप्पासाहेब : न्हाई. मीच लावतो. ... लावलं.

इंद्रजीत : चला आप्पा, आत जाऊ. गाडीवाला थांबलाय.

आप्पासाहेब : थांबू दे त्येला. दार लागल्यावर तुकडा मिळतो, असं शिकवलंय मी. वाट बघतोय बघ.