घाटातली बाटली

घाट उतरल्यावरच्या टपरीवर औषधांचा सेल्समन चहाच्या रांगेत उभा होता. गाडीत एकटाच होता तो. सकाळपासून मागच्या सीटखाली घरंगळणाऱ्या पाण्याच्या बाटलीने त्याचं डोकं उठवलं होतं. त्याच्या मागे एक जोडपं होतं, बापाच्या कडेवर दीड वर्षांची पोर.

"शहाण्यासारखी बसली हं आज मागच्या सीटवर एकटी! गेल्या खेपेला दुधाची बाटली फेकून फेकून जीव नकोसा केला होता."

"फेकत तर आजही होती. तू उचलून देत होतीस, म्हणून गप्प राहिली."

"मी? मला मळमळत होतं, मी डोळे मिटून बसले होते. तूच देत होतास ना हात मागे करून?"

"घाटात? स्टिअरिंग सोडून?"

"हे बघ, चेष्टा पुरे."

"तुझी शपथ."

रांग पुढे सरकली. ती दोघं जागची हलली नाहीत.

"चिमे, बाटली कोण देत होतं गं तुला?"

"आबा."

"कोण आबा, सोन्या?"

"आबा टाटा."

"टाटा केलं? कुठे गेले आबा?"

"भुर्र. तिकले."

सेल्समनने वळून पाहिलं. पोरीचं इवलंसं बोट त्याच्याच गाडीकडे होतं. मग ती हसली आणि तिने गाडीकडे बघून हात हलवला.

"कुणाची गाडी आहे रे ती?" बाईने हळूच विचारलं.

चहा न घेताच सेल्समन गाडीकडे निघाला. काचा बंद होत्या, दार त्यानेच लावलेलं होतं. आत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, हाताला सहज लागेल अशी, ती पाण्याची बाटली नीट उभी करून ठेवली होती.