मोठं कार्ड झोपेल हाये

...अन् वरून ती म्हणती, "आजोबा, तुमचं ट्रॅक्टर पुन्हा माझ्या सोयाबीनवरून गेलं!" आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं कुंभार पिंपळगावात खऱ्याखुऱ्या रानात ट्रॅक्टर हाकलं, कधी कोणाच्या बांधाला टायर लागू दिलं न्हाई, अन् ह्या लॅपटॉपातल्या गेमात सख्ख्या नातीचं सोयाबीन तुडवून राह्यलो! माझा काय गुन्हा हाये? मी ष्टेरिंग डावीकडं घेतो, ट्रॅक्टर थांबतं, इचार करतं, अन् पोरगी "ब्रेक! आजोबा, ब्रेक!" वरडती तवर ते थेट इहिरीपाशी! बरं, लॅपटॉपात गेम चालवायचं मोठं कार्ड न्हाई असं न्हाई. आत बसेल हाये... हाये, पण झोपेल हाये!

तुम्हाला सांगतो, दोन्ही गुडघ्यांचं आपरेशन झालं, डॉक्टर म्हणला रानाचं नाव काढायचं न्हाई, म्हणून मंठ्याला लेकाच्या घरी येऊन बसलो. नात आकांक्षा पुण्याला इंजिनेरिंगला. तिनं तिचा जुना लॅपटॉप दिला, त्यात शेतीचा गेम टाकून दिला, म्हणली, "दर रविवारी पाच वाजता आपण दोघं मिळून एक शेत करू, तुम्ही तिथून, मी इथून." आवो, मी सोमवारपासून त्या पाच वाजायची वाट पाहतो! आमची गिरिजाबाई म्हणती, "लग्नात बी एवढी घाई नव्हती तुम्हाला."

अन् एका रविवारी पोरगी हळूच म्हणती, "आजोबा, लई अटकतंय, तुम्हाला तरास होतो... बंद करू का हे?" बंद? मंग मी रविवारी काय करू, भिताडाकडं पाहू? मोठं कार्ड आत झोपेल हाये, अन् हितं माझा रविवार चालला!

दुसऱ्या दिवशी सकाळीच राधेश्यामच्या दुकानात गेलो. हा लॅपटॉप दुरुस्त करतो, पण बोलताना मान काही वर करत न्हाई. म्हणला, "काका, ह्यात ग्राफिकचे दोन कार्ड अस्तेत. लहाणं फोटू-बिटू पाहायला, मोठं गेमला. सिंगल फेज अन् थ्री फेज समजा." आवो, असं सांगा ना! सिंगल फेजवर माझी पाच हॉर्सची मोटर चालली का कधी? मंग म्हणतो, "चार्जर कुठंय?" म्हणलं, "पिशवीत." "अन् गेम खेळताना?" "तवा बी पिशवीतच!" मान वर केली त्यानं! आवो, लाइटीच्या खेळखंडोब्यात दोन मोटरी जळाल्या माझ्या, अन् पोरीचा लॅपटॉप मी बोर्डाला लटकवून ठिवू? बराबर चार्ज करतो, पाचच्या आधी पिन काढतो! तो म्हणला, "पिन काढली की ह्याचं मोठं कार्ड झोपतं, सगळा भार लहाण्यावर." सेटिंगमधी गेला, गेमच्या नावापुढं मोठं कार्ड लावलं, अन् परत लहाण्यावर कसं घ्यायचं ते बी दाखवलं.

रविवारी पिन लावली. पंखा असा घुमला की गिरिजाबाई आतून वरडली, "पिठाची गिरणी आणली का काय?" पण ट्रॅक्टर! काय सांगू, बिलकुल लोण्यावानी! वळव म्हणलं की वळलं, थांब म्हणलं की थांबलं. सोयाबीन काढलं, मोंढ्याच्या बाजारात नेऊन इकलं. पोरगी खूश! "वा आजोबा, एक नंबर! झालं की सगळं! चला, बाय!"

पाच वाजून बारा मिनिटं झाल्ती.

बसलो तसाच पडद्याकडं पाहत. मोठं कार्ड जागं झाल्तं, अन् पोरगी गेल्ती. मंग ध्यानात आलं, इतके दिवस ते अटकायचं तवा पोरगी काय करायची? बोलायची! मेसच्या भाजीत पाणीच किती, खोलीतली पोरगी कशी भांडती, गणिताचा इषय राह्यला तवा जिन्यात बसून कशी रडली... बापाला न्हाई सांगितलं हो तिनं, मला सांगितलं! तासतासभर! लई आठवण आली त्या अटकण्याची.

तुम्हाला सांगतो, काल रविवार होता. पाचला पाच कमी असताना सेटिंगमधी गेलो अन् लहाणं कार्ड लावलं. ट्रॅक्टर बांधावर जाऊन जे अटकलं!

"आजोबा, पुन्हा? तरास होतोय का?"

म्हणलं, "बिलकुल न्हाई बाई. मशीनच म्हातारं, त्याला काय करणार... होईल हळूहळू. तवर तू बोल."