निळ्या रंगाखाली

लातूरच्या स्टँडावर कोंडाबाई नांदेडच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांची नजर आणि कान दोन्ही अजून तिखट होते. शेजारच्या म्हाताऱ्याने पलीकडच्या तरुणाच्या निळ्याशार गिटारवर हात ठेवला.

"नवी घेतलीस का रं?"

"न्हाई मामा, लई जुनी हाय. रंग तेवढा नवा. लग्नाच्या आर्केस्ट्रात कळकट दिसून चालत न्हाई."

"मग नवीच घ्यायची."

"नवीला असा आवाज न्हाई. कुणीतरी जन्मभर वाजवून हिला मऊ केलंय."

"आधी लाल होती?"

"हाव! तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझी बी लालच होती. बायकोच्या आजारपणात विकली. तवापासून कुठं गिटार दिसली की हात लावून बघतो."

म्हाताऱ्याचा अंगठा दांडीच्या मागून सरकत गेला आणि एका खाचेत थांबला.

"ही खाच?"

"पहिल्यापासून हाय. रंगवणारा बुजवतो म्हणला, म्या नको म्हणलं. अंगठा बरोबर तिथंच बसतो."

"बसणारच."

"तुमची सापडली का मग, मामा?"

"न्हाई रं. लाल होती ती."

"घ्या, वाजवा की जरा."

"नको बाळा. मग हातातनं सुटायची न्हाई. जा, तुझी गाडी लागली."