पैसे आले, पैसे आले

शहागडच्या बँकेत, रांगेत माझ्या पुढं एक मावशी पासबुक घेऊन उभ्या होत्या. हायवेवर त्यांचा भज्यांचा गाडा. त्यांचा मुलगा तरातरा आत आला.

"आई, गाडा सोडून इथं काय करून राह्यली?"

"माझ्या खात्याचा स्कॅनर घेऊन राह्यले. साहेब म्हणले, साधा कागदी फुकट मिळतो."

"अन् मी लावून दिलेला?"

"तो काढला. हा घे तुझा बोलता डब्बा बी. ज्याच्या खात्यात पैसे, त्यानंच त्याचं भाडं भरावं."

"भाडं मीच भरतो की!"

"कशातून रं, कल्याण? माझ्याच भज्यातून ना? काल तेलापुरते मागितले, तर म्हणला, 'सारखं काय मागती?' कढईपुढं मी होरपळायचं, अन् तुझ्यापुढं हात बी मीच पसरायचा?"

"तुला मोबाईल तरी वापरता येतो का?"

"न्हाई येत. शिकीन. भजे तळायला कोणी शिकवलं व्हतं मला?"

"घरी चल, घरी बोलू."

"घरी लई बोलले. तू मोबाईलमधून मान वर न्हाई केली."

"हळू बोल. सारी बँक ऐकून राह्यली."

"ऐकू दे! सालभर तुझा डब्बा माझ्या गाड्यावर वरडत व्हता, 'पैसे आले, पैसे आले.' तवा बी सारं गाव ऐकतच व्हतं. अन् मी येडी, दरवेळेला खूश व्हायचे."