धुतलेला गाऊन

— नाही हो विहीणबाई, रागावले नाहीये मी. रागवायचं काय त्यात? तुम्ही काल आलात, पलंगावर चुरगळलेला गाऊन दिसला, दुधाचे डाग, आंबूस वास — कुठलीही बाई मशीनमध्येच टाकणार. मीही टाकला असता. फक्त एकदा विचारलं असतंत तर — जाऊ दे. आणि सकाळच्या बोलण्याचाही राग नाही. बाळाला आमच्याकडे नेऊ म्हणालात, मी म्हटलं नातू इथेच वाढेल, संपलं. बसा ना, उभ्या का?

हे बघा, बाटली लावली की मान फिरवतो. दूध कोमट आहे, मनगटावर थेंब टाकून बघितलाय, निपलही तेच, डबाही तोच. कालपर्यंत कसा पीत होता, विचारा तुमच्या जावयाला. तुमची लेक गेली त्या दिवशी असाच हटून बसला होता — जेमतेम आठवडा अंगावर पाजलं तिने, मग तो ताप, मग दवाखाना, आणि मग घरात नुसता हा, रडून रडून आवाज बसलेला. मला काही सुचेना. तिचा गाऊन दारामागे लटकत होता, तो घातला मी. हसा, हसा हवं तर — साठी उलटलेली बाई, सुनेचा गाऊन, पोटावर बटणं लागेनात. पण याने छातीशी नाक घासलं आणि गटागटा प्यायला. तेव्हापासून तो गाऊन मी पाण्यात घातला नाही. वास उडेल म्हणून या खोलीत पंखा लावला नाही, घामाने निथळत बसायचे.

आणि — हे माझ्या लेकाला सांगू नका, तो मला डॉक्टरकडे नेईल — हा प्यायला लागला की ती यायची. कशी म्हणजे? इथे, माझ्या शेजारी गादी दबायची. कुणी अलगद टेकावं तशी. भीती कसली? सून आहे माझी. मी म्हणायचे, बघ गं, आज सगळी बाटली संपवली लेकाने. ती म्हणायची, आई, ढेकर काढा हं त्याची. ऐकू यायचं असं नाही, पण मला कळायचं. आज सकाळपासून गादी हललेली नाही. गाऊन तोच घातलाय, पण मलाच माझ्या अंगाला साबणाचा वास येतोय. आम्ही सापडतच नसू तिला.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत प्यायला नाही तर भरती करा. टाळू बघा कशी आत गेलीये. तिथून एक परत आली नाही, आता याला पाठवू? माझ्याच्याने होणार नाही ते. तुम्ही रडू नका हो, तुम्ही रडलात की मलाही धीर राहत नाही. घ्या बरं जरा. घ्या म्हणते ना, माझे हात भरून आलेत. असं नाही, डोकं कोपरात — हां, छातीशी धरा. तुमच्याच कुशीत वाढली ना ती? असेल तिचं काही तुमच्यात उरलेलं.

थांबा. बोलू नका.

पितोय.

कसा पितोय बघा लबाड. माझ्याकडे ढुंकून बघत नाही. इतके दिवस मांडीवर घेऊन बसले मी, आणि — बरं झालं. बरंच झालं म्हणायचं. पोट भरलं ना त्याचं. हेवा वाटतोय मला तुमचा, खोटं कशाला बोलू.

घेऊन जा त्याला, विहीणबाई. खरंच सांगतेय. बाटल्या उकळून ओट्यावर ठेवल्यात, झाकणं घट्ट लावून घ्या. माझ्या लेकालाही पाठवते तुमच्या मागोमाग, बाळाजवळ बाप हवा. आत्ताच निघा, माझं मन फिरायच्या आत. मी? मी कशी येणार? ती आली आणि बाळ कुठेय म्हणाली, तर सांगायला घरात कुणी नको? जा तुम्ही.