डोंगर कॅन्सल

भांडायला भूलतज्ज्ञासारखा माणूस नाही. साउथहॅम्प्टनला आमच्या थिएटरमध्ये कुलकर्णी होता. पेशंट एकदा शिंकला की हा ऑपरेशन कॅन्सल करणार. मी सर्जन, त्यामुळे दर आठवड्याला आमची जुंपायची.

तरी एका फेब्रुवारीत आम्ही दोघं स्कॉटलंडला बर्फातला डोंगर चढायला गेलो, त्याचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन. आदल्या दोन दिवसांत वादळ होऊन गेलेलं. आमच्या गाइडबाईने उतारावर फावड्याने खड्डा खणला, बर्फाचे थर बघितले आणि म्हणाली, "नवा बर्फ खालच्या थराला धरत नाहीये. परत फिरायचं."

कुलकर्णी पेटला. "अकरा तास ड्राइव्ह करून आलोय! ऊन पडलंय! थोडी रिस्क असतेच ना?"

तिने फावडं सॅकला बांधलं.

कुलकर्णी माझ्याकडे वळला. "अरे, तू तरी सांग हिला!"

मी म्हटलं, "पेशंटपण लांबूनच येतो. शिवाय रात्रीपासून उपाशी असतो."

तो तरातरा पुढे उतरायला लागला. कार पार्कमध्ये थर्मासमधला चहा ओतत होतो, तेवढ्यात समोरचा अख्खा उतार खाली आला. आमचा खड्डाही गेला. कुलकर्णीने चहात तीन चमचे साखर घातली. तो बिनसाखरेचा पितो.

मंगळवारी त्याने माझी दोन ऑपरेशन्स कॅन्सल केली. मी "थँक यू" म्हटलं.

त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि तिसरंही कॅन्सल केलं.